लाल पट्टीवाल्यांचा तारणहार

३ मार्च
आजपासून मी शोभेच्या माशांचा दुकानदार नाही. निसर्गरक्षक. बायकोच्या माहेरामागच्या ओढ्यात लाल पट्टीचा मासा आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. पकडायला, विकायला बंदी. पण ओढा आटतोय, त्याचं काय? म्हणून मेहुणा पकडणार, मी परदेशी शौकिनांना पाठवणार. खोक्यावर 'साधे शोभेचे मासे'. बायको म्हणाली, वाचवायचेत तर विकता कशाला? बायकांना पर्यावरण कळत नाही.

९ मार्च, सकाळी
मेहुण्याने ऐंशी आणले, बसच्या टपावरून, दोन ड्रममध्ये. पोचेपर्यंत एकेचाळीस. बाकीचे मुळातच कमकुवत असणार. दुकानात ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून घरच्या बाथरूममधल्या टबात. बायको अंघोळीला शेजारी जाते. त्याग सगळ्यांनाच करावा लागतो.

१२ मार्च
तीस पाठवले. पिशव्यांत ऑक्सिजन भरला होता. बहुतेक.

१४ मार्च
तिकडून फोटो आला. तीसच्या तीस पोट वर करून. गिऱ्हाईक शिव्या देतंय. लोकांत संयमच उरला नाही. निश्चय: पुढची खेप जातीने पॅक करायची. (हीसुद्धा मीच केली होती.)

१७ मार्च
मेहुणा म्हणतो, दाजी, जाळ्यात काही येईना, आता राहू द्या. मी म्हटलं, वरच्या अंगाला थोडी ब्लीचिंग पावडर टाक, गुंगी येऊन आपोआप वर येतील. फक्त सुचवलं.

१९ मार्च
सासऱ्यांचा फोन. ओढाभर मासे उलटे तरंगताहेत. खेकडे मेले, बदकंही. कुठल्या नालायकाचं काम असेल, विचारत होते. मी हळहळलो. मनापासून.

२१ मार्च, दुपारी
मेहुण्याला बसस्टँडवर ड्रमसकट धरलं. वनखात्याचे अधिकारी दुकानात. त्याचा फोटो दाखवून विचारलं, ओळखता का? मी डोकं शांत ठेवलं. म्हटलं, चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. बायको चहा घेऊन मागेच उभी. कप ठेवला आणि म्हणाली, माझा सख्खा भाऊ आहे तो. बाकीचे मासे आमच्या बाथरूममध्ये आहेत, चला, दाखवते.
इतकं सरळ बोलायची काय गरज होती?

२२ मार्च
दुकानाला सील. मला नोटीस. मासे मात्र पुरावा म्हणून माझ्याच टबात. त्यांच्या ऑफिसात टाकी नाही. शेवटी तज्ज्ञाशिवाय चालत नाही. बायको भावाला सोडवायला गेली. दोन बॅगा घेऊन. दोन कशाला, विचारायचं राहिलं.

२८ मार्च
चार उरले. माशांच्या अभ्यासक बाई तपासायला आल्या. ओढ्यात एकही सापडला नाही म्हणाल्या, आता जगात एवढेच. मी म्हटलं, बघा! मी आणले म्हणून वाचले. आता जोड्या लावा, पिल्लं होतील, वंश वाढेल.
बाई बराच वेळ टबावर वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, चारही नर आहेत.
नक्की? मी विचारलं. त्यांनी हात धुवायला साबण मागितला.
साबण कुठे ठेवलेला असतो, मला माहीत नाही.