लुपेचा सातवा दिवस

गुरुवार, २९ डिसेंबर २०११. संध्याकाळी ६
उद्या नाही. म्हणजे ३० तारखेचा शुक्रवार येणारच नाही. सरकारने ठरवलंय, सामोआने तारखेच्या रेषेच्या पलीकडे उडी मारायची. आज झोपायचं, ते उठायचं थेट शनिवारी. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, मला त्यात काही विशेष वाटत नाही. लुपेला वाटतं, कारण आमच्या पंथात शनिवार म्हणजे शब्बाथ, देवाचा विश्रांतीचा दिवस. थोरली बहीण, एकाहत्तर वर्षांची, जेवताना बोटं मोजत बसली. म्हणाली, सहा दिवस काम नि सातवा देवाचा. एक दिवस सरकारने खाल्ला तर सातवा रविवारी येतो ना रे मास्तर? मी हसलो. ती म्हणाली, मी विचारलं होतं, विनोद नव्हता केला.
संकल्प : कोणाच्याही श्रद्धेला हसायचं नाही.

शनिवार, ३१ डिसेंबर
प्रार्थनेला निम्मेच लोक. लुपे नाही. चाळीस वर्षं आम्ही प्रार्थनेनंतर एकत्र जेवतो. अळूची पानं नारळाच्या दाट दुधात, तिच्या हातची. आज भाचीकडून निरोप आला, आई म्हणते आज सहावा दिवस आहे, ती कपडे धुतेय. शब्बाथला कपडे! मी उकडलेली केळी खाल्ली.

रविवार, १ जानेवारी २०१२
पांढरा झगा, पांढरी टोपी घालून लुपे माझ्या दारावरून प्रार्थनेला गेली.  मी फक्त मोठ्याने खोकलो.

बुधवार, ४ जानेवारी
ओसरीच्या खांबाला मोठं कॅलेंडर लावलं, तिच्या घराकडे तोंड करून. शनिवारांना लाल गोल. तिला तारीख बघायची सोय व्हावी, बाकी हेतू नाही.

रविवार, ८ जानेवारी
लुपेने दोन्ही घरांच्या मध्ये चादर वाळत घातलीय. तीन दिवस झाले. हवा दमट आहे, वाळत नसेल.

गुरुवार, १२ जानेवारी. दुपार
एक चांगला लेख वाचला. श्रद्धेबद्दल आदराने कसं बोलावं. प्रश्न विचारा, ऐका, दुरुस्त करू नका. हे तर मी नेहमीच करतो. आमच्याकडे म्हणतात, बहीण ही भावाच्या डोळ्यातली बाहुली. तेव्हा तिच्या डोळ्यांत अंजन घालणं माझंच काम. तिला पुन्हा माझ्याबरोबर जेवायला बसवायचं, एवढंच.

सोमवार, १६ जानेवारी
गेलो. विचारलं. ती चटई विणत वीस मिनिटं बोलली, मी दोनदाच घड्याळ बघितलं. म्हणाली, आपल्या बाला मोजणं शिकवणारं कोणी नव्हतं, पण त्याचा एक शब्बाथ चुकला नाही. मी मान डोलावली. मग फक्त तीन गोष्टी दुरुस्त केल्या. पृथ्वीचा गोल बरोबर नेला होता. लुपेने लिंबाच्या पाल्याचा चहा दिला. भाची सिनिवा दारापर्यंत आली नि म्हणाली, मामा, गोल कशाला आणलात?
एकंदरीत प्रगती.

शनिवार, ११ फेब्रुवारी
लुपेचे पाय सुजलेत. आपियाला इस्पितळात नेलं. मला संध्याकाळी कळलं, शब्बाथला फोन बंद असतो.

रविवार, १९ फेब्रुवारी
इस्पितळात. आज तिचा शब्बाथ. म्हणाली, फेरेती, जरा प्रार्थना म्हण माझ्याबरोबर. मी म्हटलं, म्हणतो की, देवाला सगळेच दिवस सारखे. इथेच थांबायला हवं होतं. पुढे ‘पण’ म्हणालो. तिने डोळे मिटले. विचारात पडली असावी.
सिनिवा म्हणते, थकलीय ती.

रविवार, ११ मार्च
लुपे हडकली आहे. हात हातात घेतला तर हलका लागला. ती म्हणाली, मास्तर, आज माझ्याशी दुसरं काहीतरी बोल. मी म्हटलं, हो, बोलू की.  मला दुसरं काही आठवेना. एकाहत्तर वर्षांची बहीण, सहासष्ट वर्षांची ओळख, आणि मला आठवेना. शेवटी विचारलं, जेवण बरं असतं का इथलं? ती म्हणाली, अळणी असतं. मग आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.
बसमध्ये रडू आलं. शेजारची बाई पपई घे म्हणाली.

बुधवार, १४ मार्च
यादी केली. शब्बाथ सोडून बोलायचे विषय.
आपण समुद्रात हरवलेली बाची होडी.
तिने माझ्या वाटणीचा मार खाल्ला तो.
तिचं लग्न, मी वाढताना सांडलं ते.
मी शिक्षक झालो तेव्हा तिने शर्ट शिवला, एक बाही लांब.
एकूण अकरा झाले. सांगायला किती होतं! शनिवारी सूर्य मावळून शब्बाथ संपला की पहिल्या बसने.

शनिवार, १७ मार्च
सकाळी दहाला गेली. फोन बंद होता. मी प्रार्थनाघरात बोलत होतो, एकमेकांचं ऐकून घेण्यावर. चांगलं झालं भाषण, असं दोघं म्हणाले.
यादी खिशात होती.

गुरुवार, २९ मार्च
लुपेला तिच्या घरापुढेच पुरलंय, इथल्या रीतीप्रमाणे. माझ्या ओसरीतून दिसतं. कॅलेंडर काढलं.
आज सिनिवा दगडाचा मजकूर घेऊन आली. मी आधीच ठरवलं होतं. म्हटलं, पोरी, वार शुक्रवार लिही. तुझ्या आईच्या मोजणीने तो सहावा दिवस होता. माझी काही हरकत नाही.  वाटलं, एवढं तरी तिच्यासाठी केलं.
सिनिवा जरा घुटमळली. म्हणाली, मामा, वार नाहीच घालायचा. आई सांगून गेलीय, नुसती तारीख घाला. वार घातला तर फेरेती रोज येऊन दगडाशी वाद घालेल.
मी म्हटलं, बरोबर आहे.