फेस्टसकाका वळणावरून हलत नाहीत

कॉनेमारा, जानेवारी

प्रिय बार्टलीदादा,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, कोलमनचा नमस्कार. बोस्टनची थंडी तुला मानवली ना? वहिनी आणि मुलं खुशाल असतील. आम्हीही खुशाल असतो, पण तुझे वडील राहू देतील तर! (ते वारलेत हे मला ठाऊक आहे. शवपेटीला खांदा मीच दिला होता आणि तो अजून दुखतो.)

झालं असं, की सबीनाच्या घरून रात्री परतत होतो, तर आमच्या फाटकासमोरच्या वळणावर काका उभे. तीच टोपी, तोच खोकला. मी छातीवर क्रुसाची खूण केली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काका, काय राहिलंय?" म्हणाले, "पवित्र विहिरीचा नवस राहिला रे. अनवाणी प्रदक्षिणा घालायच्या होत्या. तू फेड." मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? गेलो बापडा. दगडांनी तळपायांची चाळण झाली. वर पाऊस, आणि वारा तोंडावर, म्हणून फेरी सुरू करतानाच वाऱ्याकडे पाठ केली. त्या रात्री लंगडत येतो, तर काका पुन्हा हजर! आभार राहिले बाजूला, भर रस्त्यात माझ्यावरच ओरडले, "गाढवा, सूर्याच्या उलट फिरलास! उलट्या फेऱ्या शाप द्यायला घालतात!" जिवंतपणी माझ्या बटाट्यांच्या वाफ्यांना नावं ठेवायचे, ते मी ऐकून घेतलं. पण मेल्यावरसुद्धा?

पुन्हा गेलो, सुलट फिरलो. तरी काका जागचे हलेनात! फादरना सांगायला गेलो, तर त्यांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. आणि सबीना म्हणते, "आधी दारातला म्हातारा हलव, मग लग्नाचं बोल." ईस्टरआधीचे उपवास लागले की लग्नं बंद, हे तू विसरला नसशील. मग ती काही माझ्यासाठी थांबायची नाही. वडील तुझे, आणि संसार मोडायचा माझा! हा कुठला न्याय?

तुझा संतापलेला,
कोलमन

ता. क. – काल चिडून विचारलं, "नवस फिटला ना? मग आता काय हवंय?" म्हणाले, "काही नको रे. इथून बंदराचा रस्ता दिसतो, एवढंच."

ता. क. (दुसरा) – मातीला आला नाहीस म्हणून मी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. फक्त येशील तेव्हा बंदरावरून गाडी करू नकोस. चालत ये, म्हणजे त्यांना लांबूनच दिसशील.