अण्णांचे मिटलेले ओठ

ती. आक्काआत्या,

साष्टांग नमस्कार. अण्णांचा चेहरा शाबूत आहे, पण मी माझा कुठं लपवू? (घरातली पहिली पदवीधर मीच, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायची सोयही नाही). तुझे गुडघे कसे आहेत? राधानगरीच्या निसरड्यात जपून चाल. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू भावासाठी आधीच रडू लागतेस, आणि ते रडणं माझ्यामुळंच आहे.

अण्णांच्या कानाच्या नसेवरची गाठ ऑपरेशनमध्ये निघाली. तिला खेटूनच चेहऱ्याची नस जाते; ती दुखावली तर तोंड वाकडं होतं, आणि कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलणाऱ्या माणसाचं तोंड म्हणजे त्याचं सगळंच. म्हणून डॉक्टर मॅडमनी गाठीचा एक पापुद्रा नसेवरच राहू दिला. (आदल्या दिवशी मी त्यांना 'काम मुळापासून व्हावं' यावर व्याख्यान दिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, वर चहा दिला.) त्या कानाचं ऐकणं गेलं, पण ते आधीच निम्मं गेलेलं.

अण्णा शुद्धीवर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा." मिटले. "आता दात दाखवा." अण्णांनी ओठ घट्ट आवळले. पुन्हा सांगितलं, पुन्हा आवळले. ओठ एवढे आवळता येतात म्हणजे नस चांगली आहे, असं मॅडम सांगत होत्या. पण मी तोवर सगळ्या वॉर्डासमोर त्यांना नीतिमत्ता शिकवायला लागले होते. मग बाहेर जाऊन तुला फोन केला, की तोंड गेलं.

परत आले तर अण्णा माझ्या पर्सकडं बोट दाखवत होते. आरसा मागताहेत असं वाटून मी रडत म्हटलं, "नको, अण्णा." त्यांनी पर्स ओढली, रुमालाची पुरचुंडी सोडली आणि आतली कवळी तोंडात बसवली. ऑपरेशनआधी सिस्टरनं ती माझ्याच हातात दिली होती.

"बाईमाणसापुढं बोळकं दाखवू व्हय?" अण्णा म्हणाले. "एवढी शिकलीस की, कवळी कुठं ठेवली ते ध्यानात ठेवाय येत न्हाय?"

मग त्यांनी मॅडमना सगळे दात दाखवले, दोन्हीकडं सारखे.

तुझी,
भैरवी

ता. क. माझं ऐकून तू गावभर सांगितलंस, आणि गणपत वस्तादांनी जत्रेच्या मैदानात बोलायला ज्ञानूला ठरवलं. मॅडम म्हणतात, जत्रेपर्यंत अण्णा उभे राहतील. तेवढं ज्ञानूचं मोडून टाक, पण कवळीचं नाव काढू नकोस. गावात कुणाला ठाऊक नाही.

आणखी एक. नाव न काढता तू तरी काय सांगणार? माझी चूक तुझ्या गळ्यात कशाला? वस्तादांना मघाशी मीच सगळं सांगितलं, कवळीसकट. मैदान अण्णांचंच राहिलं. अण्णा पुन्हा ओठ आवळून बसलेत. फोन मी त्यांच्यासमोरच केला.