सरांच्या अंगठीतला हिरा

मंगळवार, संध्याकाळ. पालेगाव

जिंकले. चहा गार झाला तरी आधी हे लिहिते.

कॅम्प चार वस्तीतल्या खासगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लागून महिना नाही झाला, आणि आज मालक सरांशीच वाद. वाळू वितळवायला इतकी उष्णता का लागते? त्यांच्या सराव पेपरातलं छापील उत्तर: बंध ध्रुवीय, म्हणून रेणू एकमेकांना घट्ट ओढतात. मी म्हटलं, बंध ध्रुवीय आहेत, मान्य. पण सुटे रेणूच नाहीत, तर ओढणार कोण कोणाला? अख्खा कण एकाच जाळ्यात विणलाय. वितळवायला ते बंधच तोडावे लागतात.

"मॅडम, पेपर छप गया है."

गेली वाटतं नोकरी. तेवढ्यात त्यांची अंगठी दिसली.

"सर, हिऱ्यात नुसता कार्बन. त्याचे बंध ध्रुवीय नाहीत. तुमच्या उत्तराप्रमाणे हा मेणासारखा वितळायला हवा."

सर अंगठी फिरवत राहिले. "असली है," एवढंच म्हणाले.

निघताना पाहिलं, तर शेजारच्या वर्गात ते मुलांसमोर अंगठीचा हात उंचावून उभे. "बोलो, इसमें मॉलिक्यूल कितने?"

मुद्दा माझा होता. वापरू देत. अंगठी तर त्यांचीच आहे.