चिंधी बांधलेली बाजू

३ ऑक्टोबर
नोटीस वाचली. घरासमोरचं तळं म्हणजे म्हणे ‘चाळीस वर्षांपूर्वी दगड काढून झालेली खण’, तेव्हा बुजवून पार्किंग करणार. हरकत असल्यास अठ्ठावीसला पुराव्यानिशी हजर राहावे. हरकत आहे. छत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवलं मी. पुरावा गाळातच आहे: डायटम. काचेच्या कवचाची शैवालं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. मेली की तळाशी बसतात, थरावर थर. कुठल्या थरात कुठली जात, त्यावरून तेव्हाचं पाणी कळतं. गोड्या पाण्याचे चाळीस वर्षांहून जुने थर सापडले की खण खोटी.
निश्चय: आवाज चढवायचा नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, ओरडतो तो हरतो.

६ ऑक्टोबर
प्लंबर कृष्णात दोन तास उशिरा. आवाज चढवला. कारण होतं. त्याने घाटाजवळ चार फुटी पाइप गाळात ठोकून वर काढला. वरच्या टोकाला लाल चिंधी बांधली. विद्रूप. घरी येताच सोडून टाकली.

७ ऑक्टोबर, सकाळी
पाइप उभा चिरला. एका टोकाची बाजू पांढुरकी, स्वच्छ. दुसरी काळीकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. काळी ती आजची, उघड आहे. हल्लीचं सगळं असंच. कृष्णात म्हणे, “न्हाय बाई, काळं ते बूड हाय. चिंधी कशाला बांधलीती मी?” नळ दुरुस्त करणाऱ्याने मला थर शिकवू नयेत. काळा गाळ गुलाबांच्या कुंड्यांत टाकायला सांगितला. कामाच्या शालूबाईने एरवी कधी नव्हे ती चपळाई दाखवून शेणखतात कालवलाही.

१४ ऑक्टोबर
सात दिवस मायक्रोस्कोप. मान गेली, पण सापडले. गोल, जाळीदार, देखणे. फोटो अक्षताला पाठवले. माझी विद्यार्थिनी, पुण्यात हेच काम करते. उत्तर आलं, “मॅडम, हे समुद्रातले. नमुना कुठला?”
समुद्र. कोल्हापुरात. सर्वांत जुन्या थरात. सोबत लाल कण. पुरातन लोह असावं.

१५ ऑक्टोबर
कॉलनीच्या ग्रुपवर जाहीर केलं. धैर्यशीलने (पार्किंगचं काम यालाच मिळणार आहे) लिहिलं, “बाई, मग बांगडा कवा मिळतोय?” सत्तावीस जण हसले. त्यातले अकरा माझे विद्यार्थी. ग्रुप सोडला.
संध्याकाळी परत घ्यायला सांगितलं. नोटिसा तिथेच येतात.

२५ ऑक्टोबर
अक्षताचे चार फोन. घेतले नाहीत. अकरावीत हिचं जर्नल मी तीनदा परत केलं होतं.
जेवण जात नाही. खंड्या सकाळी सातला त्याच वायरीवर येऊन बसला. हे घर मी या खिडकीसाठी घेतलं. पार्किंग बघायला कोणी खिडकी ठेवतं का.

२८ ऑक्टोबर
सुनावणी. चाळीस मिनिटं बोलले, आवाज न चढवता. साहेबांनी पांढरी माती बोटांत चोळली. म्हणाले, ही शाडूची माती आहे का? त्यांच्या मामांचा मूर्तींचा कारखाना. माती समुद्रकिनाऱ्याकडून येते.
धैर्यशील उठला. “असंलच की साहेब. शाडूचाच गणपती, हितंच विसर्जन, ह्यो नियम बाईंचाच. सा वर्सं झाली. प्लास्टरचा आणला म्हणून माझ्या आईला घाटावर अडिवलंतं.”
म्हणजे लाल कण कुंकवाचे.
कृष्णातला साक्षीला मीच नेलं होतं. “चिंधी वरच्या बाजूला हुती. बाईंस्नी सांगिटलंतं.”
हरकत फेटाळली. जिन्यात ओरडले. कोणावर, आठवत नाही.

२ नोव्हेंबर
अक्षता आली. रागावली नाही, हेच वाईट. कुंडीतला चिमूटभर काळा गाळ काचेवर घेतला. तासाभराने म्हणाली, “मॅडम, सगळे गोड्या पाण्याचे. तळं जुनंच असणार. पण खतात कालवलंय. कुठला थर वर, कुठला खाली, कुणाला काय दाखवणार?”
दुसरा पाइप ठोकू म्हटलं. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. कालपासून तळ्यात मुरूम पडतोय. आठ डंपर.

९ नोव्हेंबर
शालूबाई म्हणते, गुलाबांना एवढी फुलं कधीच नव्हती, चौदा. मोजली. तेराच आहेत.
खिडकीला पडदा लावायला कृष्णातला बोलावलं. वेळेवर आला. कापड उलगडून म्हणाला, “बाई, वरची बाजू कंची?”
म्हटलं, तूच बघ.