ती मागेल तोवर

माय, तुझा आवाज आठवायचा तर मला आधी अंगणवाडीचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. तू तिथे मदतनीस, चुलीवर खिचडीचं पातेलं, आणि मी दारातून आत, आतून बाहेर. पळी न थांबवता तू म्हणायचीस, "बठ रे जराखा, खिचडी पयी नही जाई ऱ्हायनी." मी बसलो नाही. शाळेतही नाही. तू गेल्यावर तर कोण बसवणार? मणिबेलीकडे बोटीवर राहिलो, मोलगीच्या बाजारात जीपच्या सीटा भरल्या, मग बोअरच्या गाडीवर. त्या गाडीवर रोज नवं गाव, रोज नवं पाणी. जाऊ दे, सांगायचं दुसरंच होतं.

मी अक्काकडे अडकलोय. तिची पोर चार वर्षांची झाली, तू पाहिलीच नाहीस. उशिरा चालली, बोलत नाही, काही मागत नाही. दाजी सुरतेला, अक्का दिवसभर केळीच्या बागेत. थोडे दिवस राहतो म्हणून आलो, त्याला पावसाळा गेला, थंडीही गेली. शहाद्याला एका शाळेत अशा लहान पोरांसाठी वेगळी खोली आहे. तिथे न्यायचं तर पोर माझ्याशिवाय कुणाबरोबर जीपमध्ये चढत नाही.

आणि तिथल्या बाई शिकवतात काय, तर थांबायला. बिस्कीट तिला दिसेल असं धरायचं आणि गप्प राहायचं. तिने बघितलं, हात पुढे केला, काही आवाज काढला, तरच द्यायचं. आपल्याकडे पोर रडायच्या आत तोंडात घास जातो. अक्काची सासू तर तहान लागायच्या आधीच पाणी पाजते, लाडाने. मीही तसंच करायचो, लवकर उरकावं म्हणून. बाई म्हणाल्या, "मामा, तिच्या हाताआधी तुमचा हात जातो. तिला मागायला जागाच राहत नाही." तेव्हापासून मी धरून बसतो. अंगाला मुंग्या येतात, माय. खिडकीबाहेरून केळीचे ट्रक जातात, नंबरावरून मला कळतं कुठला पंजाबचा, कुठला यूपीचा, आणि मी सतरंजीवर, बिस्कीट घामाने मऊ होईपर्यंत.

एकदा चिडून अक्काला म्हणालो, मी काय जन्मभर इथेच राहू? ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "ती मांगाले लागनी का तू मोकया. मंग कोठे जावानं तठे जाय." तेवढ्यावर मी दिवस काढले. परवा बोअरवाल्या दोस्ताचा फोन आला, गाडी राजस्थानला निघतेय, एक जागा आहे, येतो का. मी हो म्हणून टाकलं. पोरीचं काय, हे नंतर सुचलं.

आज दुपारी ओट्यावर बसलो होतो. सासू आत झोपलेली. बाईंचं सांगणं वगैरे मी काही करत नव्हतो, फोनमध्ये राजस्थानचा रस्ता बघत होतो, पोरीसाठी घेतलेला गुळाचा खडा मुठीत तसाच राहिला. तिने माझी बोटं एकेक करून उघडायला घेतली. उघडेनात. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "दे." मी दिला. तो संपल्यावर पुन्हा आली, "दे."

संध्याकाळी अक्का बागेतून आली, हातपाय धुतले, नेहमीसारखं विचारलं, आज काय केलं हिने? मी म्हणालो, काही नाही.

गाडी उद्या निघते. हा कागद घडी करून ठेवतोय, तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही. पोरीचं "दे" अक्काला कळलं तर ती मला थांब म्हणणार नाही.