तुमच्या बंधूंचा विश्रांतीवरचा उपदेश

आदरणीय वन्सं,

सप्रेम सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मांजरीला पिल्लं झाली का, आणि झाली असतील तर ती कपाटातच झाली ना? इकडे प्रभूच्या कृपेनं सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मी ठीक आहे. तुमचे बंधूही ठीक आहेत, असं ते स्वतः घरोघर फिरून सांगताहेत, आणि डॉक्टरांनी मनाई केली आहे ती नेमकी फिरण्याचीच.

मागच्या पत्रात तुम्हाला काळजी नको म्हणून मी ‘जरा दमलेत’ एवढंच लिहिलं होतं. खरं असं की डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, पाळकसाहेब, तुमचं हृदय थकलंय, आता सक्तीची विश्रांती घेतली नाहीत तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही. यांनी मान डोलावली आणि डॉक्टरांनाच विचारलं, तुमचा चेहरा का उतरलाय? झालं! डॉक्टरांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत हे कळलं, आणि दवाखान्यातून निघालेले आम्ही घरी न येता सासूबाईंच्या उशाशी प्रार्थना करत बसलो. (बाई फार गोड आहेत. त्यांनी मला विचारलं, तुमच्यापैकी आजारी कोण?)

मग घरी विश्रांती सुरू झाली. विश्रांती म्हणजे हे पलंगावर, फोन उशीखाली, आणि पाळकसाहेब कशी विश्रांती घेतात ते बघायला चर्चची अख्खी मंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत. येणारा प्रत्येक जण ‘काही बोलू नका, पडून राहा’ असं बजावायचा आणि मग शेजारी खुर्ची ओढून स्वतःची कर्मकहाणी सांगायचा. एका सुताराचं आणि त्याच्या भावाचं भांडण आमच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून मिटलं. तेवढ्यात आमच्या सूचनाकाकांनी (हे मंडळीचे सेक्रेटरी, उपासनेत सूचना वाचायला उभे राहिले की लोक पायावरचा पाय बदलून बसतात) ‘विश्रांतीचा रविवार’ पाळायचा घाट घातला. त्यासाठी कमिटी आली, कमिटीच्या रोज बैठका आल्या, आणि बैठकांना पाळकसाहेब हवेतच. त्या रविवारचा उपदेश अर्थातच विश्रांतीवर. तुमचे बंधू म्हणाले, हा विषय मला नीटसा कळत नाही, तेव्हा खूप मेहनत घ्यावी लागेल. मी कपाळाला हात लावला.

रविवार उजाडला. सकाळी झगा घालताना यांचा हात बाहीत नीट शिरेना, तो मी घालून दिला. उपदेशाच्या आधीचं गीत लांबलचक आहे. हे एरवी शेवटच्या कडव्यापर्यंत उभे असतात. त्या दिवशी दुसऱ्याच कडव्याला व्यासपीठामागच्या उंच खुर्चीत बसले. गीत संपलं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी आमेन लांबवलं, पुन्हा लांबवलं. व्यासपीठावर कोणी नाही. खुर्चीत यांची मान छातीवर पडलेली.

वन्सं, मला वाटलं ते मी लिहीत नाही. तुम्हालाही आत्ता तेच वाटलं असेल. मग त्या पांढऱ्या झग्याची छातीवरची घडी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. तो झगा मी वर्षानुवर्षं धुते, त्याला इस्त्री करते, पण त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

सूचनाकाका यांना जागं करायला निघाले. त्यांचे बूट कुरकुरतात हे तुम्हाला आठवत असेल. ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, हात पुढे केला, यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसेच थबकले. मग वाकून त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर परत आले. बूट कुरकुरतात म्हणूनच काढले असणार; पण मला बायबलातला, देव समोर आहे म्हणून जळत्या झुडपाशी पायताण काढणारा मोशे आठवला.

त्यानंतर कोणी काही केलं नाही. एवढंच झालं, आणि ते मला नीट सांगता येत नाही. रात्रपाळी करून आलेली नर्स पहिल्यांदा झोपली, मग बस चालवणारे आमच्या मंडळीतले एक दादा. (ते घोरले, पण अदबीनं.) एरवी बाकांखालून रांगणारी जुळी आईला टेकून गप्प बसली. खिडकीतलं ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत होतं, आणि कोणी ते सरकवत नव्हतं. आम्ही दर रविवारी गातो, वाचतो, मागतो, सूचना देतो. देवाला मध्ये बोलायला जागाच ठेवत नाही. त्या दिवशी ती जागा चुकून मोकळी राहिली आणि तो तिथे आला, असं मला वाटलं. भर वादळात होडीत निजलेला प्रभू मी पोरांना कितीदा शिकवला आहे; पण तो निजला होता म्हणजे किती निर्धास्त होता, ते मला तेव्हा कळलं. माझे डोळे वाहायला लागले. जागे होते त्या सगळ्यांचेच वाहत होते.

तेवढ्यात हे जागे झाले. उठून पाहतात तो समोर सगळी मंडळी डोळे पुसतेय. यांची समजूत अशी झाली की उपदेश देऊन झाला आणि तो चांगला झाला. यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. दारात नर्स म्हणाली, “साहेब, असा उपदेश मी जन्मात ऐकला नाही.” त्यात तिचं काय खोटं आहे? घरी आल्यावर यांनी मला विचारलं, “कोणता भाग जास्त लागला गं?” मी म्हटलं, “मधला.”

बाकी सर्व क्षेम. मांजरीला माझं प्रेम.

तुमची नम्र
भावजय

ता. क. उपदेशाची कीर्ती पसरली असून आणखी तीन मंडळ्यांनी तोच उपदेश द्यायला यांना बोलावलं आहे, आणि हे निघालेत. लहानपणी तुम्ही यांना अंगाखांद्यावर वाढवलंत, तेव्हा तुमचा शब्द मोडायची यांची छाती नाही. पण ‘विश्रांतीला ये’ म्हणाल तर येणार नाहीत. ‘घराला रंग द्यायचाय, मला एकटीला झेपत नाही’ असं लिहा, मिळेल त्या गाडीनं येतील. रंग खरंच द्यायचा असेल तर आम्ही गेल्यावर द्या.

ता. क. दुसरा: पलंग दोन लागतील, कारण मीही येतेय. आपली राखण करणारा देव डोळ्याला डोळा लावत नाही, हे मंडळीतल्या बायकांना मीच शिकवते. आणि डॉक्टर बोलले त्या दिवसापासून रोज रात्री यांच्या छातीवर हात ठेवून जागी बसते, जणू त्याला एकट्याला ते काम जमणार नाही. वन्सं, तुमच्याकडे एकच रात्र यांच्याजवळ तुम्ही बसा. मला झोपायचंय.